अंधाऱ्या खोलीतील तुळस



तुळशीला कुणी लाईट लावते का, असे तुम्ही म्हणाल. मी लावली आहे. कशी ते सांगते.

माझ्या आजीच्या गुडघ्याचे ऑपरेशन सोलापुरात झाले. म्हणून ती तीन महिने मामाकडे राहिली. मामाची खोली सात रस्त्याजवळ आहे. (तिथे खरंच सात रस्ते आहेत का ते मी मोजत होते, पण रिक्षा आडव्या आल्या आणि चुकले.) खोली तळमजल्यावर, शेजारी उंच इमारत. दुपारी बारालासुद्धा बल्ब लावावा लागतो. आजीने गावाहून कुंडीतली तुळस नेली होती. महिन्याभरात तिची पाने गळाली, वर चारच राहिली. आजी म्हणाली, "तुळस वाळली की मी इथं राहत नाही. मला गावाकडं न्या." पण डॉक्टरांनी तर प्रवास करू नका म्हणून सांगितले होते.

झाडाचे पान उजेडात अन्न तयार करते, हे आपल्याला बाईंनी शिकवले आहे. मी मामाला विचारले, "बल्बच्या उजेडात का करत नाही?" मामा वायरिंगचे काम करतो. तो म्हणाला, "बल्ब छताला हाय. आपल्याला दिसायला पुरतोय, झाडाचं पोट भरायला नाही. जवळ आणून बघू की."

आम्ही जुनी अॅल्युमिनियमची ताटली घेतली. तिच्या आतून एलईडीची पांढरी पट्टी गोल गोल चिकटवली, तीन मीटर. ही पट्टी १२ व्होल्टची असते, म्हणून मध्ये अॅडॅप्टर लागतो. पट्टीवर कात्रीची खूण असते, तिथेच कापायची. ताटलीमुळे दिव्यांची उष्णता निघून जाते. प्लगचे सगळे काम मामाने केले, मला हात लावू दिला नाही.

बटण दाबले, तर लाईट लागेना! मामा हसला. त्याने दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. एलईडीमधून वीज एकाच बाजूने जाते. वायरी बदलल्या आणि लख्ख उजेड पडला.

पांढऱ्या एलईडीच्या आत खरे तर निळा दिवा असतो. त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा दिसतो. निळा एलईडी शोधला म्हणून आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पानाला निळा आणि तांबडा उजेड जास्त लागतो. हिरवा ते त्या मानाने जास्त परत पाठवते, म्हणून ते हिरवे दिसते.

तुळशीवर एकदम प्रयोग नको म्हणून आधी मेथी पेरली. एक डबा ताटलीखाली, एक कपाटामागे अंधारात. दोन्हीकडे उगवली. आठ दिवसांनी अंधारातली मेथी जास्त उंच! मला वाटले, तीच जिंकली. पण ती पिवळी होती आणि दोऱ्यासारखी आडवी पडली. उजेड शोधत ती नुसतीच लांब झाली होती. ताटलीखालची बुटकी पण हिरवीगार होती. तिची भाजी एक घासभर झाली.

मग तुळस ठेवली. आधी ताटली दोन फूट उंच टांगली, तर काहीच फरक दिसेना. एक वीत अंतरावर आणली, तेव्हा कुठे जमले. लाईट रोज १४ तास लावायची, रात्री बंद. पट्टी १५ वॅटची धरली तर १५ × १४ × ३० = ६३००, म्हणजे महिन्याला ६.३ युनिट. (हे गणित मी स्वतः केले आहे.) पाणी मात्र कमी घालावे, कारण खोलीत माती लवकर वाळत नाही.

आपल्या इस्रोनेही असेच केले आहे. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही सी-६० मधून चवळीच्या ८ बिया अंतराळात नेल्या. तिथल्या पेटीत एलईडी होते. चौथ्या दिवशी बिया उगवल्या. पुढे पानेही आली.

आमच्या तुळशीला तिसऱ्या आठवड्यात बुंध्याजवळ दोन कोंब फुटले. आजीला चष्मा लावून दाखवले. ती म्हणाली, "पोरी, ह्या ताटलीत तुझी आई जेवायची." मग तिने गावाचे नाव काढले नाही.

आजी गावी आली तेव्हा तुळस एस.टी.त माझ्या मांडीवर होती. आता ती अंगणात आहे आणि तिला मंजिऱ्या आल्या आहेत. ताटली मामाकडेच आहे. तिच्याखाली तो कोथिंबीर लावतो.