शस्त्र म्यानासह सोपवावे



ह. जाबिर (रजि.) यांनी निवेदन केलेली एक लहानशी हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आली आहे. म्यानातून उपसलेली तलवार एकमेकांच्या हाती देण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही, असा आदेशही सहीह बुखारीत आहे. येथे शस्त्र बाळगणे निषिद्ध ठरविलेले नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची जी घटका असते, तिला मात्र नियम घालून दिला आहे. त्या घटकेला देणारा निष्काळजी असू शकतो आणि घेणारा अनभिज्ञ.

शस्त्राच्या बाबतीत अशी सर्वांत अवघड घटका म्हणजे त्याच्या मालकाचा मृत्यू. देणारा जगात उरलेला नसतो आणि घेणारे दुःखात असतात. त्या वेळी शस्त्र म्यानात आहे की उघडे आहे, हे मालकाने हयातीत काय करून ठेवले यावर ठरते.

एका घरातील प्रश्न

रानडुकरे व वानरे यांच्यापासून शेती आणि बागा राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी मुस्लिम घरे कोकणातील खाडीकाठच्या गावांत आजही आहेत. कोठे एकनळी, कोठे दुनळी, कोठे आजोबांच्या काळातील ठासणीची. शिकारीचा काळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपविला. बंदुका मात्र घरात राहिल्या.

अशाच एका घरातील वडील वारले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो. घर, कलमांची बाग, बँकेतील ठेव, लोकांची देणी, या सर्वांविषयी मी विचारले. आतल्या कपाटात दोन बंदुका आणि काडतुसांचा डबा आहे, हे मला ठाऊक होते. पण त्यांविषयी विचारण्याचे मला सुचले नाही. थोरला मुलगा आखातात, धाकटा मुंबईत, आणि घरी त्यांची आई एकटी. सात महिन्यांनी सुटीत आलेल्या नातवाच्या हाती तिला काडतूस दिसले, तेव्हा तिने घाबरून सर्वांना बोलावून घेतले. अल्लाहच्या कृपेने अनर्थ टळला.

त्याच बैठकीत शेजारच्या गावी दिलेल्या मुलीने मला विचारले, “मौलाना साहेब, या बंदुकांत माझा काही हिस्सा आहे का?” मी उत्तर देण्यापूर्वीच धाकटा भाऊ म्हणाला, “बंदूक मुलग्यांची असते, आपा. तुला ती काय करायची?”

हा धडा त्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि मी तिसऱ्या दिवशी न विचारलेल्या प्रश्नाची भरपाईही.

बंदूक हाही तर्का आहे

मृत व्यक्ती जी मालमत्ता मागे ठेवते तिला फिक्हच्या परिभाषेत ‘तर्का’ म्हणतात. तर्क्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग मृताचे कर्ज, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत, आणि उरलेले सर्व वारसांचे. या क्रमात शेत वेगळे, दागिने वेगळे आणि शस्त्र वेगळे असा भेद नाही. सूरह निसाच्या सातव्या आयतीत पुरुषांबरोबर स्त्रियांचाही हिस्सा सांगताना, माल थोडा असो वा फार, हिस्सा निश्चित आहे, असे अल्लाहने स्पष्ट केले आहे. ‘थोडा असो वा फार’ यात कपाटातील बंदूकही आली.

याचे एक सुंदर उदाहरण सहीह बुखारीत आहे. ह. जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांच्या तलवारीला बद्रच्या दिवशी खाच पडली होती. पुढे ती तलवार त्यांचे पुत्र ह. उर्वा (रह.) यांच्याकडे आली. ह. उर्वा यांचे पुत्र हिशाम (रह.) सांगतात की, आम्ही आपसांत तिची किंमत तीन हजार ठरविली आणि आमच्यापैकी एकाने ती घेतली, ती मी घेतली असती तर किती बरे झाले असते, असे मला वाटत राहिले.

या निवेदनावर क्षणभर थांबावे. बद्रची खाच असलेल्या तलवारीहून अधिक प्रिय वारसा कोणत्या घरात असेल? तरीही ‘ही थोरल्याची’ असे कोणी म्हटले नाही. किंमत ठरली, एकाने ती किंमत मान्य करून तलवार घेतली, बाकीच्यांचा हिस्सा शाबूत राहिला. हिशाम यांच्या मनात हळहळ उरली, भांडण उरले नाही. वस्तूवरील प्रेम आणि वस्तूवरील हक्क हे दोन वेगळे विषय आहेत, हे त्या घराला ठाऊक होते.

आता आपल्या प्रसंगातील हिशोब पाहू. मृताचे आईवडील आधीच वारलेले; मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी. पत्नीला आठवा हिस्सा. उरलेले मुलाला दोन व मुलीला एक या प्रमाणात. एकंदर 40 भाग केले, तर पत्नीचे 5, प्रत्येक मुलाचे 14 आणि मुलीचे 7. दोन्ही बंदुकांची मिळून किंमत 40,000 रुपये धरली, तर आईचे 5,000, मुलांचे प्रत्येकी 14,000 आणि मुलीचे 7,000 रुपये होतात. ज्या मुलाला बंदूक हवी असेल, त्याने ती आपल्या हिश्श्यात धरावी आणि किंमत हिश्श्याहून अधिक भरत असेल तर फरक इतरांना द्यावा.

बहिणीला आपला हक्क सोडायचा असेल तर ती सोडू शकते; पण आधी तो किती आहे हे तिला कळले पाहिजे. भावासमोर संकोचाने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. वारसांत अज्ञान मूल असेल, तर त्याचा हिस्सा सोडण्याचा अधिकार कोणालाच नाही. अनाथांचा माल अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात, ही सूरह निसाच्या दहाव्या आयतीतील ताकीद येथे आठवावी.

‘माझी बंदूक अमक्याला’ असे लिहिता येते का?

येथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, वारसासाठी वसीयत नाही, ही हदीस प्रसिद्ध आहे. म्हणून वडिलांनी एका मुलाच्या नावे बंदूक लिहून ठेवली, तरी इतर सज्ञान वारसांनी वडिलांच्या मृत्यूनंतर राजीखुशीने मान्यता दिली तरच ती लागू होते. दुसरी, वारस नसलेल्या व्यक्तीला, उदाहरणार्थ मुलगे हयात असताना पुतण्याला, एक तृतीयांशाच्या आत वसीयत करता येते. तिसरी, हयातीतच एका मुलाला बंदूक द्यायची असेल, तर ह. नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या हदीसनुसार मुलांमध्ये न्याय राखावा, इतरांनाही त्या प्रमाणात काही द्यावे.

शरीअतने मालकी ठरविली, तरी ताबा देशाच्या कायद्याने ठरतो. हे दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. परवाना घेताना आपण अटी मान्य केलेल्या असतात, आणि करार पाळण्याचा आदेश सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे.

कायदा काय सांगतो?

शस्त्र परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक वारला की त्याच्या परवान्यावर पत्नीला किंवा मुलांना बंदूक बाळगता येत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 नुसार ज्याचा ताबा कायदेशीर उरला नाही, असे शस्त्र व काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा करून पावती घेणे अनेक परवानाधारकांच्या सवयीचे आहे. ही रीत तशीच समजावी. परवाना नसलेल्या वारसाने बंदूक स्वतः उचलून नेऊ नये. पोलीस ठाण्याला लेखी कळवावे, त्यांच्या सूचनेप्रमाणे ती जमा करावी आणि पावती जपून ठेवावी.

जमा केल्याने वारसांची मालकी जात नाही. विहित मुदतीत परवाना मिळवून बंदूक परत घेता येते, किंवा परवाना असलेल्या व्यक्तीला अथवा विक्रेत्याला विकून पैसे घेता येतात. मुदत उलटली तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. मग आईचा आठवा हिस्सा आणि बहिणीचे सात भाग आपल्या आळसाने बुडतात.

शस्त्र नियम, 2016 च्या नियम 25 प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. त्यासाठी तो पात्र असला पाहिजे आणि इतर वारसांची हरकत नसावी. परवानाधारकाने वयाची 70 वर्षे पूर्ण केली असतील किंवा बंदूक 25 वर्षे बाळगली असेल, तर हयातीतच वारस सुचविण्याचीही सोय त्याच नियमात आहे. शरीअत इतर वारसांची राजीखुशी मागते आणि कार्यालय त्यांची ना-हरकत मागते. प्रामाणिक घराला ही दोन्ही कामे एकाच बैठकीत करता येतात. मात्र ना-हरकत पत्रावर सही दिली म्हणजे हिस्सा सोडला असे होत नाही. हे बहिणींनी जाणावे आणि भावांनी त्याहून अधिक.

ज्यांच्या घरी तीन-चार बंदुका आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 2019 च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आहे, आणि वारशाने येणारी बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. म्हणून ‘सर्व बंदुका थोरल्याकडे’ हा बेत कायद्यातही बसत नाही. दुरुस्तीनेही चालू होऊ शकणार नाही अशा जुन्या शस्त्रांना कलम 45 मध्ये सवलत आहे. पण शस्त्र तसे आहे की नाही, हे आपण घरी बसून ठरवू नये.

हयातीत करावयाची कामे

ज्याच्याजवळ वसीयत करण्यासारखे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याविना दोन रात्रीही घालवू नयेत, असे ह. इब्ने उमर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येक बांधवाने एका कागदावर एवढे लिहावे: शस्त्रे किती व कोणत्या प्रकारची, त्यांचे क्रमांक, परवान्याचा क्रमांक व मुदत, काडतुसे किती, किल्ली कोठे, कोणत्या विक्रेत्याशी व्यवहार, आणि आपल्या मृत्यूनंतर प्रथम कोणाला कळवायचे. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे दुसरीकडे कुलपात. हा कागद पत्नीला व मुलांना वाचून दाखवावा, मुलींनाही. शक्य असेल त्याने वापर नसलेली बंदूक हयातीतच विकून टाकावी. आणि आम्हा इमामांनी मय्यतीच्या घरी हिशोबाला बसताना शेत व ठेवींबरोबर ‘घरात शस्त्र आहे का?’ हेही विचारावे.

त्या घरातील दोन्ही बंदुका जमा झाल्या. एक विक्रेत्यामार्फत विकली गेली. दुसरीची किंमत धाकट्याने आपल्या हिश्श्यात धरून घेतली आहे. त्याचा अर्ज अद्याप कार्यालयात आहे. बहिणीचे सात भाग त्याने स्वतः तिच्या घरी जाऊन तिच्या हाती दिले.

अल्लाहतआला आपणांस आपल्या मागे वाद नव्हे तर स्वच्छ हिशोब ठेवून जाण्याची सद्बुद्धी देवो आणि आपल्या मुलाबाळांना सुरक्षित राखो. आमीन.