नमुना कोठून घ्यावा? एम.आर.आय. आणि प्रोस्टेटची बायॉप्सी

हिशेबतपासणीच्या पेपरात आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी नमुना-तपासणी शिकतो. मोठ्या पेढीतील एकूण एक व्हाउचर तपासणे तपासनिसाला शक्य नसते. म्हणून तो काही व्हाउचरे निवडतो आणि त्यांवरून साऱ्या हिशेबाविषयी मत बनवितो. निवडलेल्या व्हाउचरांत अफरातफर आढळली नाही, म्हणजे ती झालीच नाही, असे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. हाच प्रश्न प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान करताना डॉक्टरांपुढे उभा राहतो. तो कसा सोडविला जातो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी, ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी होय. रक्तातील पी.एस.ए. या द्रव्याचे प्रमाण वाढले की कर्करोगाची शंका घेतली जाते. परंतु वयोमानाने ग्रंथी वाढल्यास किंवा तेथे जंतुसंसर्ग झाल्यासही हे प्रमाण वाढते. तेव्हा खात्रीसाठी सुईने ऊतकाचे बारीक तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. हीच बायॉप्सी.

जुन्या पद्धतीत सोनोग्राफीच्या साहाय्याने ठरावीक जागांवरून नमुने घेत. १९८९ साली सहा नमुन्यांची पद्धत पुढे आली. पुढे ही संख्या दहा-बारापर्यंत गेली. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण तिच्यातील गाठ पुष्कळदा वेगळी ओळखू येत नाही. त्यामुळे दोन प्रकारची चूक संभवते. घातक गाठ, विशेषतः ग्रंथीच्या पुढच्या भागातील, सुयांच्या मधून निसटते. किंवा जन्मभर त्रास न देणारी बारीकशी गाठ योगायोगाने सुईला लागते. दुसरी चूक निरुपद्रवी वाटेल, पण तशी ती नाही. अशा गाठीवर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार केल्यास लघवीवरील ताबा जाणे, लैंगिक दुर्बलता येणे असे परिणाम माणसाला विनाकारण भोगावे लागू शकतात.

येथे एम.आर.आय.चा उपयोग होतो. या यंत्रात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या योगे शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणूंकडून संकेत मिळवून चित्र तयार केले जाते. कर्करोगात पेशी दाटीवाटीने वाढतात व त्यांमधील पाण्याची हालचाल मंदावते. ही मंदगती चित्रात उमटते. चित्र पाहून रेडिओलॉजिस्ट संशयाला १ ते ५ असे गुण देतात. या गुणपद्धतीला पाय-रॅड्स म्हणतात.

संशयास्पद जागेपर्यंत सुई नेण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, एम.आर.आय. चित्र नीट अभ्यासून सोनोग्राफीखाली त्या जागेचा अंदाज घेणे. दुसरा, संगणकाने दोन्ही चित्रे एकमेकांवर बसविणे. तिसरा, एम.आर.आय. यंत्रातच, चुंबकाने न ओढल्या जाणाऱ्या खास सुईने नमुना घेणे. यास वेळ आणि खर्च अधिक लागतो.

आता आकडे पाहू. २०१७ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉमिस' या अभ्यासात ५७६ पुरुषांची एम.आर.आय. व जुनी बायॉप्सी तर झालीच, शिवाय दर ५ मिलिमीटरवर नमुना घेऊन सबंध ग्रंथीची तपासणी झाली. आपल्या भाषेत, नमुना-तपासणीची सत्यता पूर्ण तपासणीने पडताळली गेली! लक्षणीय कर्करोग असलेल्या दर १०० पैकी ९३ जणांना एम.आर.आय.ने हेरले, जुन्या बायॉप्सीने फक्त ४८ जणांना. २०१८ सालच्या 'प्रिसिजन' अभ्यासात ११ देशांतील ५०० पुरुष होते. एम.आर.आय.च्या गटात लक्षणीय कर्करोग ३८ टक्क्यांना सापडला, जुन्या पद्धतीच्या गटात २६ टक्क्यांना. बिनमहत्त्वाचा कर्करोग मात्र अनुक्रमे ९ व २२ टक्क्यांना आढळला. शिवाय पहिल्या गटातील २८ टक्के पुरुषांना बायॉप्सी करावीच लागली नाही. घातक ते अधिक सापडले आणि निरुपद्रवी ते कमी, हेच या पद्धतीचे मर्म होय.

तरीही एम.आर.आय. म्हणजे अंतिम निकाल नव्हे. चित्र स्वच्छ असूनही थोडे रोग निसटतात, म्हणून पी.एस.ए., वय व घरातील पूर्वेतिहास यांचाही विचार करावा लागतो. उलट प्रोस्टेटचा क्षय चित्रात हुबेहूब कर्करोगासारखा दिसू शकतो. क्षयरोग अद्याप न हटलेल्या आपल्या देशात हे विसरून चालणार नाही. अशा वेळी सुईचा नमुनाच खरे काय ते सांगतो.

वडोदऱ्यात मूत्रविकारांचा विषय निघाला की जवळच्या नडियादचे नाव निघते. तेथील मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल १९७८ पासून याच शाखेला वाहिलेले आहे. पण सामान्य कुटुंबापुढे खर्चाचा प्रश्न असतोच. या दृष्टीने दोन गोष्टी आशादायक आहेत. वर सांगितलेल्या पहिल्या मार्गास वेगळे महागडे यंत्र लागत नाही. चित्र वाचणारा व सुई धरणारा, दोघांचे कौशल्य आणि मेळ लागतो. दुसरे म्हणजे, रंगद्रव्याचे इंजेक्शन न देता केलेला, कमी वेळाचा एम.आर.आय. लक्षणीय कर्करोग शोधण्यात उणा पडत नाही, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्राइम' अभ्यासात दिसून आले. मात्र चित्रे चांगल्या प्रतीची हवीत आणि वाचणारा तयारीचा हवा.

आपल्यापैकी अनेकांचे वडील आज पन्नाशीच्या घरात आहेत. लघवीच्या तक्रारी मुलांपुढे बोलणे त्यांना अवघड वाटते आणि विचारणे आपल्याला. हा संकोच दोन्ही बाजूंनी सोडला पाहिजे. पी.एस.ए. वाढला, एवढ्यावरून घरात हाय खाण्याचे कारण नाही. डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: बायॉप्सीपूर्वी एम.आर.आय. करता येईल काय? आणि आढळलेला कर्करोग लगेच उपचार करण्याजोगा आहे, की नुसती देखरेख ठेवण्याजोगा? हे दोन प्रश्न विचारायला वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही.