जेवढे तुटले तेवढेच

(अपघातात वाहनाचे नुकसान झाले, तर विम्याचे पैसे मिळतात हे आपण ऐकलेले असते. पण ते कसे मिळतात? त्यासाठी काय करावे लागते? मालेगावच्या एका विद्यार्थ्याने सांगितलेली ही हकिकत वाचा.)

मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर आहे. मुंबई-आग्रा महामार्ग येथून जातो. माझे अब्बा याच रस्त्यावर ट्रक चालवतात. जाताना भिवंडीला कोरे कापड न्यायचे, येताना सूत आणायचे. ट्रक आमचा स्वतःचा आहे. पण बँकेचे कर्ज अजून फिटलेले नाही.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. चांदवडजवळच्या राहूड घाटात पुढच्या गाडीने अचानक ब्रेक लावला. तिला वाचवण्यासाठी अब्बांनी ट्रक डावीकडे घेतला. ट्रकची डावी बाजू खडकाला घासत गेली. फळ्या मोडल्या, लोखंडी पट्ट्या वाकल्या, केबिनची पुढची काच फुटली. अल्लाहची कृपा की कोणालाही इजा झाली नाही.

अब्बांनी आधी ट्रकचे फोटो काढले. मग पोलिसांना आणि विमा कंपनीला फोन केला. कापड दुसऱ्या ट्रकमध्ये चढवले आणि आमचा ट्रक ओढून मालेगावला आणला. तो सुतारकाकांच्या कारखान्यात उभा राहिला. सुतारकाका ट्रकच्या बॉडी बांधतात.

ट्रक उभा राहिला म्हणजे कमाई बंद. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. अम्मी काळजीत पडली. मी अब्बांना विचारले, “आपला विमा आहे ना? मग काळजी कसली?”

अब्बा म्हणाले, “बेटा, विमा दोन प्रकारचा असतो. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ते भरून देणारा विमा सर्वांनाच काढावा लागतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. पण त्यातून आपल्या गाडीची दुरुस्ती होत नाही. त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. तो मी भरला आहे. आता कागद नीट झाले पाहिजेत.”

दोन दिवसांनी विमा कंपनीने नेमलेले सर्व्हेअर साहेब आले. त्यांनी गाडीचे नोंदणी पुस्तक, अब्बांचा परवाना, फिटनेस, परमिट आणि मालाची बिल्टी पाहिली. मग त्यांनी खर्चाचे अंदाजपत्रक मागितले. सुतारकाकांनी एका कागदावर एकच ओळ लिहून ठेवली होती : ‘बॉडीकाम, काच व रंग. एकूण रुपये 52,000.’

साहेबांनी कागद परत केला. ते म्हणाले, “असे चालणार नाही. लाकूड, लोखंड, काच, मजुरी, रंग हे सगळे वेगवेगळे लिहा. तुमचा ट्रक तीन वर्षांहून जुना आहे. जुन्या लाकडाच्या आणि लोखंडाच्या जागी नवे येणार, म्हणून त्यावर 25 टक्के घसारा कापला जाईल. काचेवर आणि मजुरीवर घसारा नाही. सगळे एकत्र लिहिले, तर मजुरी किती हे मला कसे कळणार? नुकसान तुमचेच होईल. मी उद्या पुन्हा येतो.”

संध्याकाळी आम्ही कारखान्यात बसलो. अब्बांचा हिशेब नेहमी उर्दूत असतो आणि सुतारकाकांना लिहिण्याचा कंटाळा. काका मला म्हणाले, “तू शाळेत मराठी शिकतोस ना? मी सांगतो, तू लिही.”

मी लिहू लागलो. फाळका, बिजागरी, पट्टी, साखळी असे कितीतरी नवे शब्द मला त्या दिवशी कळले. लाकूड 16,000, लोखंड 12,000, काच 6,000, मजुरी 14,000, रंग 4,000. बेरीज 52,000 झाली.

काका हळूच म्हणाले, “भाई, मागचा फाळकाही चिरलेला आहे. तोही यात घालू. सहा हजार रुपये वाढतील. कोणाला काय कळणार आहे?”

मी अब्बांकडे पाहिले. मागचा फाळका गेल्या वर्षी माल उतरवताना चिरला होता. बँकेचा हप्ता जवळ आला होता. सहा हजार रुपये आम्हांला थोडे नव्हते. अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नको, काका. घाटात जेवढे तुटले तेवढेच लिहा. माझ्या मुलाच्या हाताने खोटे लिहवून घेऊ नका.”

मी कागद पुरा केला. काकांनी सही करून शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एकेक नोंद ट्रकशी ताडून पाहिली. मागे जाऊन ते थांबले. “हा फाळकाही घाटातच तुटला का?”

“नाही साहेब, तो जुना आहे,” अब्बा म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली आणि कामाला परवानगी दिली.

आता प्रश्न पैशांचा होता. विम्याचे पैसे काम झाल्यावर, पक्के बिल दिल्यावर मिळणार होते. अम्मीने भिशीचे 20,000 रुपये काढून दिले. बाकी 32,000 रुपयांचे काय? अब्बा संकोचाने काकांशी बोलायला गेले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच काका म्हणाले, “विम्याचे आले की द्या. ज्याने सहा हजारांसाठी खोटे लिहू दिले नाही, तो माझे पैसे बुडवणार नाही.”

दहा दिवसांत ट्रक तयार झाला. साहेबांनी तो पुन्हा तपासला. महिन्याभराने बँकेत 39,000 रुपये जमा झाले. अब्बांनी मला हिशेब समजावून सांगितला. लाकूड व लोखंडावरील घसारा 7,000 रुपये. रंग 4,000 रुपये. कारण रंगासाठीचा जादा हप्ता आपण भरला नव्हता. मोडक्या लोखंडाची किंमत 1,000 रुपये. कारण ते आपल्याकडेच राहिले. पॉलिसीच्या अटीप्रमाणे मालकाने सोसायचे 1,000 रुपये. एकूण 13,000 रुपये कमी मिळाले.

अब्बांनी त्याच दिवशी काकांचे 32,000 रुपये देऊन पावती घेतली. उरलेले 7,000 रुपये अम्मीच्या हातात ठेवले.

मागचा फाळका अजून चिरलेलाच आहे. दिवाळीच्या हंगामात भाडे चांगले मिळाले की तो बदलायचा, असे अब्बांनी ठरवले आहे. आमच्या पैशांनी.

शब्दार्थ

फाळका – ट्रकच्या बॉडीची उघडता येणारी बाजू
बिल्टी – माल पाठवल्याची वाहतूकदाराची पावती
अंदाजपत्रक – होणाऱ्या खर्चाचा लेखी अंदाज
घसारा – वापरामुळे वस्तूच्या किमतीत होणारी घट
भिशी – ठरावीक लोकांनी दरमहा पैसे जमवून पाळीपाळीने घेण्याची पद्धत
ताडून पाहणे – दोन गोष्टी जुळतात की नाही ते तपासणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अपघात कोणत्या घाटात झाला?
(आ) अब्बांनी विमा कंपनीला फोन करण्याआधी काय केले?
(इ) मागचा फाळका कधी चिरला होता?

2. कारणे लिहा.
(अ) सर्व्हेअर साहेबांनी पहिले अंदाजपत्रक परत केले.
(आ) सुतारकाका पैशांसाठी थांबायला तयार झाले.

3. नुकसान, रक्कम, मजुरी, हिशेब हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे उर्दू उच्चार सांगा. पाठातील असे आणखी तीन शब्द शोधा.

4. तुमच्या घरातील एखादी मोडलेली वस्तू दुरुस्त करायची आहे. सामान आणि मजुरी वेगवेगळी दाखवून मराठीत अंदाजपत्रक लिहा.