शाळेच्या कामात गाव जोडून घेताना

जिल्हा परिषदेच्या शाळेत लोकसहभाग म्हटले की बहुतेक ठिकाणी आधी वर्गणीचे पावतीपुस्तक बाहेर निघते. मुख्याध्यापक म्हणून आपण हा क्रम उलटा ठेवावा. आधी माणसांचा वेळ आणि कसब, मग वस्तू, पैसा सर्वांत शेवटी. शाळेत चार तास राबलेला माणूस पुढे न मागताही देतो; नुसती पावती फाडलेला पुढच्या वर्षी वाट बदलून जातो.

१. समिती जागी करा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कागदावर हे जमलेले असते, पण कित्येक सभा घरोघरी फिरणाऱ्या सह्यांच्या वहीतच पार पडतात. सभेची वेळ पालकांना विचारून ठरवा. मजुरीला जाणारी आई दुपारी दोन वाजता येणार नाही.

२. गरजांची यादी करा. कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा, म्हणजे शाळेच्या पुढील कामांचे लेखी नियोजन, करायचे असते. त्यात शासनाने काय द्यायचे, ग्रामपंचायतीने काय आणि गावकऱ्यांनी काय, असे तीन रकाने पाडा. वर्गखोल्या, पाणी, स्वच्छतागृहे लोकवर्गणीतून उभारण्याची घाई करू नये. पायाभूत सुविधा पुरवणे ही कायद्याने शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे.

३. गावात कोण काय जाणते, ते टिपा. गवंडी, वायरमन, शिवणकाम करणाऱ्या ताई, निवृत्त पोस्टमन, बचत गट, सुट्टीत येणारे महाविद्यालयीन विद्यार्थी, शहरात गेलेले माजी विद्यार्थी. वस्तीवरची आणि कामासाठी स्थलांतर करणारी कुटुंबे या यादीतून हमखास सुटतात. त्यांच्याकडे आपण स्वतः जावे.

४. मागणी लहान आणि मुदतीची ठेवा. ‘शाळेला मदत करा’ या वाक्याला कोणीही मान डोलावतो आणि विसरतो. त्याऐवजी, ‘पुढचे चार शनिवार सकाळी तासभर तिसरीच्या मुलांचे वाचन ऐकाल का?’ असे विचारा. पाहुण्याला भाषण देऊ नका, काम द्या, आणि ते चालू पाठाशी जोडा. सातवीच्या वर्गात पायथागोरसचा सिद्धांत चालू असेल, तर गवंडीदादांना बोलवा. दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या बाजू धरून ते पायाचा काटकोन कसा मिळवतात, हे मुलांनी मैदानावर स्वतः आखून पाहावे. शेतकरी पालकांच्या बांधावर जाऊन गुंठे मोजले, की क्षेत्रफळाचा पाठ अर्धा तिथेच होतो. जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आजींना भाषेच्या तासाला बोलवा. मुलांनी त्या लिहून घ्याव्यात. तयारी मात्र शिक्षकांचीच. पाहुण्यांवर वर्ग सोपवून कार्यालयातली कामे उरकणे हा लोकसहभाग नव्हे.

५. मुलांची सुरक्षितता आधी पाहा. बाहेरची कोणतीही व्यक्ती मुलांसोबत एकटी राहणार नाही, शिक्षक कायम उपस्थित असतील, येण्या-जाण्याची नोंद होईल. नियमित येणाऱ्यांची पोलीस चारित्र्य पडताळणी करून घ्या. ओळखीच्या माणसालाही हाच नियम लावा. गावात हे अवघड जाते, तरीही.

६. आता पैसा. देणगी शाळेच्या बँक खात्यात घ्या, लगेच पावती द्या, वस्तू आली तर साठा नोंदवहीत चढवा. देणगीची सांगड प्रवेशाशी कधीही घालू नका. कलम १३ त्याला मनाई करते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी अर्ज करायचा असेल, तर आराखडा आणि मागील हिशोब तयार असल्याशिवाय जाऊ नये.

७. ग्रामपंचायतीकडे ठराव घेऊन जा. तिच्या वार्षिक विकास आराखड्यात शाळेचे काम यायचे असेल, तर तोंडी विनंती पुरत नाही. समितीचा लेखी ठराव द्या आणि पोच घ्या.

जूनमधल्या सभेत यादी पक्की झाली, तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती मांडता येईल. तिथे समितीच्या अध्यक्ष असलेल्या पालकांना बोलू द्या. आपण कागद घेऊन शेजारी बसावे.