खास्द्यांच्या शाळेतील तीन वर्षे

अभ्यासासाठी उतारा : दानीएल १:३-२०

दानीएलाचा पहिला अध्याय आपण बहुधा राजाच्या ताटातील अन्न नाकारणाऱ्या तरुणांची कथा म्हणून वाचतो. त्याच अध्यायातील दुसऱ्या गोष्टीकडे आपले लक्ष क्वचित जाते. यहूदातून नेलेल्या या मुलांना बाबेलात खास्द्यांची भाषा व विद्या शिकावी लागली आणि त्यासाठी त्यांना तीन वर्षांची मुदत मिळाली. ती मुले बुद्धिमान म्हणूनच निवडलेली होती. तरीही परक्या भाषेतून विद्या मिळविण्यास त्यांना वेळ लागेल, हे त्या परक्या राजाने ओळखले होते. आपल्या मुलांच्या बाबतीत आपण ते ओळखतो काय?

छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण घेऊ. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामासाठी केरळ, आंध्र, बंगाल, ओडिशा, पंजाब आणि आपल्या विदर्भातूनही कुटुंबे येऊन सेक्टरांच्या वसाहतीत राहिली. तेव्हापासून तेथील पुष्कळ मुले घरी एक भाषा, बाजारात छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी, अशा चार उंबरठ्यांवरून जात आली आहेत. शिक्षणाची दारे तेथे दूर नाहीत. दुर्गचे भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८६ साली निघाले व आय.आय.टी. भिलाई २०१६ साली सुरू झाली. पण दार जवळ असले तरी भाषेचा उंबरठा ओलांडावाच लागतो.

१. बोलता येणे म्हणजे शिकता येणे नव्हे. कॅनडातील भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली एक महत्त्वाचा भेद मांडला. स्थलांतरित मूल नव्या भाषेत सुमारे दोन वर्षांत खेळू-बोलू लागते. परंतु पाठ्यपुस्तकाच्या भाषेत समवयस्कांची बरोबरी गाठण्यास त्याला साधारणतः पाच ते सात वर्षे लागतात. येथेच पालक व शिक्षक फसतात. मुलगी शेजाऱ्यांशी फर्डे हिंदी बोलते, म्हणून भाषेचा प्रश्न सुटला असे आपण धरून चालतो. मग अकरावीत तिचे गुण घसरले की तिच्या बुद्धीला दोष देतो. तिला उत्तर ठाऊक असते, ते मांडण्याची भाषा मात्र अद्याप हाती आलेली नसते. या गैरसमजापायी कित्येक मुले विज्ञान सोडतात, काही शिक्षणच सोडतात.

२. सारख्या शब्दांपासून सावध राहावे. मराठी व हिंदी या एकाच लिपीतील भाषा असल्यामुळे आपल्याला अंतर जाणवत नाही. मराठी पुस्तकातील ‘वस्तुमान’ हिंदीत ‘द्रव्यमान’ होते, हे लवकर ध्यानात येते. परंतु मराठीत ज्याला आपण ‘अणू’ म्हणतो, त्याला हिंदी पुस्तक ‘परमाणु’ म्हणते. आणि हिंदीतील ‘अणु’ म्हणजे आपला ‘रेणू’! गावाकडे सातवी-आठवी करून आलेल्या मुलाला हे कोणी सांगितले नाही, तर त्याचे रसायनशास्त्र मुळातच चुकते.

३. परीक्षेची भाषा आधी जाणून घ्यावी. २०२१ पासून जे.ई.ई. मेन व नीट या परीक्षांचे माध्यम मराठी धरून १३ भाषांत निवडता येते. तथापि मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांपुरती ठेवण्यात आली. हिंदी व इंग्रजी मात्र देशभर मिळतात. म्हणजे भिलाईत परीक्षा देणाऱ्या मराठी मुलाची निवड प्रत्यक्षात या दोहोंतूनच होते. जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड तर हिंदी व इंग्रजीतच असते. शिवाय भाषांतराविषयी शंका निघाल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो. यास्तव अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी, आणि माध्यमाचा निर्णय बारावीत नव्हे, आठवी-नववीत करावा.

४. घरची भाषा टाकू नये. घरात मराठी बंद केली की इंग्रजी लवकर येईल, असे अनेकांना वाटते. दानीएलाचे पुस्तक पाहा : त्याचा काही भाग इब्री भाषेत, तर दुसऱ्या अध्यायापासून सातव्यापर्यंतचा मोठा भाग अरामी भाषेत आहे. नवी भाषा आली, जुनी गेली नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील भगिनींजवळ राहून इंग्रजीत तयार झाल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत असताना तेथे संस्कृतही शिकवीत. परक्या देशात त्यांना आधार झाला तो आधी मिळविलेल्या विद्येचाच. पुढे इब्री व ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्र मराठीत आणले. ज्या भाषेत मूल विचार करू शकते, तिच्याच खांद्यावर पाय ठेवून ते दुसऱ्या भाषेपर्यंत पोहोचते.

५. मंडळीने हात द्यावा. दानीएल एकटा नव्हता. त्याच्याबरोबर तीन सोबती होते. प्रत्येक मंडळीत निवृत्त शिक्षक, कारखान्यातील अनुभवी माणसे व महाविद्यालयीन तरुण असतात. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी नव्याने आलेल्या मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवावा. विज्ञानाचे एक पान मोठ्याने वाचावे. त्याचा अर्थ मुलाने घरच्या भाषेत सांगावा आणि मग तोच परीक्षेच्या भाषेत चार ओळींत लिहावा. मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन रकान्यांची शब्दवही प्रत्येकाने ठेवावी. चुकीच्या उच्चारावर कोणी हसू नये, हा त्या वर्गाचा पहिला नियम असावा. कारण ज्याला हसले जाते तो प्रश्न विचारणे सोडून देतो.

मुदत संपल्यावर राजाने त्या चौघांची परीक्षा घेतली, तेव्हा ते इतरांहून दसपट सरस ठरले, असे शास्त्र सांगते. बुद्धी देवाने दिली होती. वर्षे मात्र माणसांनी द्यावी लागली. आपल्या मुलांना ती देणे आपल्या हाती आहे.

मननासाठी प्रश्न :
(१) आपल्या मंडळीत परप्रांतातून आलेली किती मुले आठवी ते बारावीत आहेत? त्यांची घरची भाषा व शाळेची भाषा आपणांस ठाऊक आहे काय?
(२) एखादे मूल मागे पडले, तेव्हा त्याला विषय समजला नाही की भाषा, हे आपण कसे पारखू?
(३) आठवड्यातील कोणत्या दोन संध्याकाळी आपण त्यांच्यासाठी राखून ठेवू?