गोठ्यातील जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गुरांच्या आजारावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा विषय जितका वैद्यकाचा, तितकाच हिशेबाचाही आहे.

माझे गाव पांढुर्णा-सौंसर भागातले. 2023 साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात हे दोन्ही तालुके येतात. कपाशी नि संत्र्यांच्या या मुलखात पावसाळा लागला की गुरांच्या धन्याला धास्ती असते ती घटसर्पाची. हिंदीत यालाच गलघोटू म्हणतात. पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे जनावराला सडकून ताप भरतो, गळा सुजतो, श्वास घरघरतो, आणि ते एक-दोन दिवसांतच दगावते.

या भीतीपोटी "धडधाकट बैलालाही अगोदरच एक सुई मारून ठेवा," असा सल्ला गावात ऐकू येतो. ही सुई असते प्रतिजैविकाची. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. लस शरीराला रोगाशी झुंजण्यास आधीच तयार करते व हे संरक्षण काही महिने टिकते. प्रतिजैविकाचा अंमल मात्र थोड्याच दिवसांत सरतो. आषाढात मारलेली सुई पोळ्यापर्यंत बैलाला राखत नाही.

उलट तोटाच होतो. असंख्य जिवाणूंत एखादा औषधाला न जुमानणारा असतो. बाकीचे मेले की त्याला रान मोकळे मिळते. हा गुण तो इतर जातींच्या जिवाणूंनाही देऊ शकतो. शेण-पाण्यातून ते माणसापर्यंत पोचतात. पेनिसिलिनच्या अपुऱ्या मात्रेचा हा धोका अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता. युरोपीय संघाने 2022 पासून निरोगी जनावरांना सरसकट प्रतिजैविके देण्यास बंदी केली. भारतानेही 2019 मध्ये कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा आधार असलेले औषध पशुपालनात वापरण्यास मनाई केली.

आता हिशेब पाहू. सुईचे पैसे वहीत नावे पडतात. परंतु औषधाची ताकद घटते, ती झीज कोणाच्याच वहीत चढत नाही. औषधाचा गुण हे साऱ्या गावाचे सामायिक भांडवल आहे. उधळतो एक, तूट सोसतात सारे. खरोखर घटसर्प आला म्हणजे पहिल्या काही तासांत दिलेले प्रतिजैविक हाच आधार असतो. ते लागू पडले नाही तर ऐन हंगामात जोडी फुटते व नव्या बैलासाठी कर्ज काढावे लागते.

म्हणून लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. ताप दिसताच पशुवैद्याला बोलवावे व सांगितलेली मात्रा पूर्ण करावी. लाळ-खुरकतीसारख्या विषाणूजन्य रोगावर प्रतिजैविक चालत नाही, हेही ध्यानी असावे. प्रतिबंधाचे काम लसीचे, उपचाराचे काम औषधाचे. ही दोन खाती वेगळी ठेवण्यातच शेतकऱ्याचे हित आहे.