हत्थक उपासकाने पाचशे जण कसे जोडले?

(शाखेच्या कार्यकर्त्यांसाठी पाठ)



पेण आणि रोहा तालुक्यांतील कार्यकर्ते भेटले की एक तक्रार हटकून ऐकू येते. १४ एप्रिलला विहारात पाय ठेवायला जागा नसते, आणि पुढच्या पौर्णिमेला वंदनेला सात-आठ माणसे जमतात. कार्यकर्ता धाटावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला असतो, किंवा खारातल्या शेतात चिखल तुडवून. विहाराचे कुलूप त्यानेच उघडावयाचे, सतरंजी त्यानेच घालावयाची, आणि शेवटी बोल त्यानेच खावयाचे. मग त्याच्या मनात येते, "मी एकट्याने किती दिवस ओढावे?"

हा थकवा खोटा नाही आणि टाळ्यांच्या भाषणाने तो जातही नाही. म्हणून आज आपण अंगुत्तर निकायातील एका उपासकाची गोष्ट अभ्यासावयाची आहे.

पाठ

भगवान बुद्ध आळवी येथे अग्गाळव चैत्यात राहत असताना हत्थक आळवक नावाचा उपासक पाचशे उपासकांसह त्यांच्या दर्शनास आला. भगवंतांनी त्याला विचारले की एवढा मोठा समुदाय तू कशाने एकत्र ठेवतोस? हत्थकाने सांगितले की आपण शिकविलेल्या चार संग्रहवस्तूंनीच. ज्याला दानाने जोडता येईल त्याला मी दानाने जोडतो. कोणाला प्रिय वचनाने, कोणाला अर्थचर्येने, तर कोणाला समानतेने. भगवंतांनी त्याला साधुवाद दिला.

येथे नीट लक्ष द्या. हत्थक सर्वांना एकाच मापाने मोजत नाही. समोरचा माणूस कोण, त्याची गरज काय, हे तो आधी पाहतो. माणसे ओळखणे हीच पुढारीपणाची पहिली पायरी होय.

१) दान. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. हिशेब वहीत लिहून पौर्णिमेला सर्वांसमोर वाचून दाखविणे, हेही दानाचेच अंग आहे. वही उघडी असली म्हणजे देणाऱ्याचा हात आखडत नाही.

२) प्रिय वचन. पेण हे गणपतीच्या मूर्तींचे गाव. समजा, आपला एखादा तरुण गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करून घर चालवितो. बैठकीत कोणी त्याला बोलून दाखवितो की बावीस प्रतिज्ञा घेतल्यास आणि गणपती रंगवितोस? तो तरुण पुन्हा विहारात दिसत नाही. आता विचार करा. प्रतिज्ञा देव मानण्याविषयी आणि उपासनेविषयी आहे. भगवंतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेले व्यापार पाच : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. त्यांत मूर्तीला रंग देण्याची मजुरी येत नाही. त्याच्या घरी पूजा होत असेल तर तो प्रश्न निराळा. तो त्याच्या घरी जाऊन, शांतपणे आणि एकट्याशी बोलावा. चारचौघांत अपमान करून कोणी धम्मात टिकल्याचे उदाहरण नाही.

३) अर्थचर्या, म्हणजे दुसऱ्याच्या हिताचे काम. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. परंतु दाखल्याचा अर्ज अडला की शेतमजुराच्या मुलाची शिष्यवृत्ती अडते. जो कार्यकर्ता एक दिवसाची मजुरी बुडवून तहसील कचेरीत त्या मुलाबरोबर उभा राहतो, त्याने धम्मावर प्रवचनच दिले असे समजावे.

४) समानता, म्हणजे सुखदुःखात बरोबरीने वागणे. ज्याने सभा भरविली त्यानेच शेवटी सतरंजी झटकावी. भोजनदानाची भांडी नेहमी भगिनींनीच का घासावीत, हाही प्रश्न याच सदरात येतो.

पैसा नसेल तर?

हत्थक प्रामाणिक होता. त्याने भगवंतांना सांगून टाकले की माझ्या घरी संपत्ती आहे. दरिद्री माणसाचे लोक असे ऐकत नाहीत. आजही ज्याच्या हाती पैसा त्याच्या मागे गर्दी, हे आपण पाहतो. मग गरीब कार्यकर्त्याने काय करावे?

उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९८१ मध्ये रायगड नाव मिळण्यापूर्वी हा कुलाबा जिल्हा होता. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले, पण ते कागदावर. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. त्या परिषदेसाठी रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी तुकाराम गायकवाड यांच्यासारखे कार्यकर्ते झिजले. त्यांच्याजवळ हत्थकाची संपत्ती नव्हती. उरलेल्या तीन वस्तू मात्र भरपूर होत्या. प्रिय वचनाला, हिताच्या कामाला आणि बरोबरीने वागण्याला पैसा लागत नाही.

प्रेरणा कोठून येते?

खारभूमीच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. उधाणाचे पाणी बांध एकदम फोडीत नाही. आधी खेकड्याचे बीळ असते, मग पाझर, मग खांड. बांधावरून रोज फिरणारा ते बीळ वेळीच बुजवितो. त्याचे नाव कोणी घेत नाही, पण पीक उभे राहते, आणि ते उभे पीक पाहूनच तो दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधावर जातो. शाखेचे कामही असेच आहे. दाखला मिळालेला मुलगा आणि परत आलेला तरुण हेच आपले उभे पीक. ते पाहण्याची सवय लावावी, आणि पुढच्या बैठकीत ते इतरांस सांगावे. मात्र "मी केले" असे न सांगता "असे करता येते" असे सांगावे.

कारण हत्थकाची गोष्ट येथे संपत नाही. भगवंतांनी त्याचे गुण वर्णिल्याचे एका भिक्षूने त्याला सांगितले, तेव्हा त्याने काळजीने विचारले की त्या वेळी तेथे कोणी गृहस्थ तर नव्हता ना? आपले गुण लोकांना कळू नयेत, ही त्याची इच्छा. भगवंतांनी ही अल्पेच्छता त्याचा आठवा गुण म्हणून सांगितली. फलकावर नाव कोणाचे आधी, यावरून ज्या शाखा फुटतात त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

नागपूरला बाबासाहेबांनी प्रत्येक बौद्धाला दीक्षा देण्याचा अधिकार दिला. अधिकार प्रत्येकाला, म्हणून जबाबदारीही प्रत्येकाची.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षभरात विहारात येणे कोणी थांबविले? त्यांच्या घरी कोण गेले?
२. त्यांतील प्रत्येकाला चारपैकी कोणत्या वस्तूने जोडता येईल?
३. पुढच्या पौर्णिमेचे कोणते काम आजवर न केलेल्या माणसाकडे सोपवाल?

भवतु सब्ब मंगलं.